हवा तीच, मग दम का लागतो?

सोयाबीनच्या हंगामात रिसोडच्या बाजार समितीत जरा वेळ उभं राहून पाहा. बावीस-तेवीस वर्षांचा एखादा तरुण ५० किलोचा कट्टा पाठीवर घेतो, फळीवरून ट्रकमध्ये चढतो, कट्टा थप्पीला लावतो आणि लगेच पुढच्या कट्ट्यासाठी माघारी येतो. अंग घामानं भिजलेलं असतं, पण सोबत्याशी चाललेलं बोलणं काही तुटत नाही.

आता हाच तरुण मे महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या सर पासच्या ट्रेकला गेला आहे, असं समजा. मुक्काम नगारूच्या तळावर, उंची सुमारे ३८०० मीटर. तंबूच्या दारात बसून तो बुटाची नाडी बांधायला वाकतो. गाठ मारून मान वर करतो, तोवर त्याला धाप लागलेली असते. तीन वाक्यं सलग बोलायची तर मध्ये दोनदा थांबावं लागतं.

हवेत ऑक्सिजन किती, असं त्याला विचारलं तर शाळेत पाठ केलेलं उत्तर तो बरोबर देईल: सुमारे २१ टक्के. नगारूला तो किती असतो? तिथेही २१ टक्केच. एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्के. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तसूभरही बदललेलं नाही आणि माणूसही तोच आहे. मग दम का लागतो? या कोड्याचं उत्तर कळलं की हिमालयातला ट्रेक आठ-दहा दिवसांचा का असतो, रोज थोडंच का चढायचं, वाटाड्या मुद्दाम हळू का चालतो, या सगळ्या गोष्टी आपोआप समजतात.

कापसाची गंजी आणि हवेचं वजन

घरातल्या खोलीत छतापर्यंत रचलेली कापसाची गंजी आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. गंजीच्या तळाशी हात घालून मूठभर कापूस ओढा. तो दाबून बसलेला, घट्ट लागतो. वरच्या थरातून मूठ भरा. ती मोकळी, हलकी लागते. मूठ तेवढीच आणि कापूसही तोच, पण खालच्या मुठीत जास्त मावला, कारण वरच्या सगळ्या थरांचं ओझं त्याच्यावर होतं.

पृथ्वीभोवतीची हवा अशीच रचलेली आहे. आपण गंजीच्या तळाशी राहतो. हवेला वजन असतं आणि समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो हवेचा भार असतो. तळहात १०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर त्यावर १०० किलो, म्हणजे सोयाबीनचे दोन कट्टे. हात दबत नाही, कारण हवा सगळ्या बाजूंनी सारखीच रेटते.

उंचीबरोबर हा भार कमी होतो, हे १६४८ साली फ्रान्समध्ये प्रयोगानं दिसलं. ब्लेझ पास्कल या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोरिन पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाच्या डोंगरावर चढले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाताना नळीतला पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरला. वरच्या हवेचा रेटा कमी पडला, म्हणून पारा उतरला.

रिसोड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ९४ टक्क्यांच्या आसपास असतो. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. तिथे तो ८२ टक्क्यांवर येतो. सर पास सुमारे ४२०० मीटरवर आहे आणि तिथे उरतो तो जेमतेम ६० टक्के. एव्हरेस्टवर एक तृतीयांश.

म्हणजे शंभरातले एकवीस हा हिशोब कुठेही बदलत नाही, पण छातीत भरलेल्या प्रत्येक ‘मुठीत’ हवाच कमी येते. रिसोडला दोन श्वासांत मिळणारा ऑक्सिजन सर पासवर मिळवायला तीन श्वास घ्यावे लागतात. कोड्याचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

फुगलेलं पाकीट, न शिजणारी डाळ

दाब कमी झाल्याच्या खुणा ट्रेकच्या वाटेवर जागोजागी दिसतात. रिसोडच्या दुकानातून घेतलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट नगारूला सॅकमधून काढलं की ते फुग्यासारखं टणक झालेलं असतं. आतली हवा रिसोडच्या दाबाची आहे आणि बाहेरचा रेटा कमी झाला आहे, म्हणून ती पसरते.

दुसरी खूण स्वयंपाकाच्या तंबूत आहे. पाणी उकळणं म्हणजे पाण्याच्या वाफेनं हवेच्या दाबाला वर ढकलून बाहेर पडणं. दाब कमी असेल तर वाफेला हे लवकर जमतं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. रिसोडला पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, नगारूला ८७ अंशांच्या आसपास. पातेल्यात खळाळून उकळी आलेली दिसते, पण ते पाणी आपल्या घरच्या उकळत्या पाण्यापेक्षा बरंच थंड असतं. तुरीची डाळ त्यात तासभर ठेवली तरी दाताखाली कचकचते. म्हणून उंचावरच्या तळावर प्रेशर कुकर लागतोच. कुकर झाकणाखाली वाफ कोंडतो आणि भांड्यापुरता खालचा दाब परत आणून देतो.

तिसरी खूण थंडी. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोकळा करा. बाहेर पडणारी हवा बोटाला गार लागते. कोंडलेली हवा पसरली की थंड होते. डोंगरावर चढणारी हवाही कमी दाबात पसरत जाते आणि गारठते. सरासरीनं दर १००० मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. रिसोड आणि सर पास यांच्या उंचीतल्या फरकानंच जवळजवळ २४ अंश कमी होतात. शिवाय हिमाचल आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आहे, भोवती बर्फ आहे आणि विरळ हवा उष्णता धरून ठेवत नाही. त्यामुळे मे महिन्यात इथे कूलर चालू असताना तिथे रात्री पाण्याच्या बाटलीत बर्फ जमू शकतो.

रक्तातली काळीपिवळी

हवेतला ऑक्सिजन फुप्फुसापर्यंत आला, आता तो पायाच्या स्नायूंपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचायला हवा. ही वाहतूक रक्तातल्या तांबड्या पेशी करतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनच्या चार रेणूंना बसायला जागा असते.

बसस्थानकाबाहेर उभी राहणारी काळीपिवळी डोळ्यांसमोर आणा. बाजाराच्या दिवशी प्रवाशांची रेटारेटी असते, गाडी क्षणात भरते. आडवारी प्रवासी तुरळक असतात; गाडी निघते, पण काही जागा रिकाम्याच राहतात. फुप्फुस हे तसं स्थानक आहे. खाली ऑक्सिजनची रेटारेटी असते, म्हणून हिमोग्लोबिनच्या गाड्या जवळपास भरून निघतात. उंचावर गर्दी विरळ, म्हणून जागा रिकाम्या.

किती जागा भरल्या हे सांगणारं यंत्र करोनाच्या साथीत घराघरांत आलं: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. रिसोडला निरोगी माणसाचा आकडा ९५ ते ९९ असतो. चार हजार मीटरच्या आसपास, धडधाकट ट्रेकरच्या बोटावर तो ८५ च्या घरात दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. जो आकडा पाहून आपण घरी रुग्णवाहिका बोलावली असती, त्या आकड्यावर तिथे लोक चहा पीत बसलेले असतात. अशा वेळी आकड्याइतकंच महत्त्व माणसाला दिलं पाहिजे: तो नीट बोलतो का, जेवतो का, सरळ चालतो का.

बाजार समितीतल्या तरुणाला नाडी बांधताना धाप का लागली, हे आता कळतं. त्याचे स्नायू होते तेवढेच बळकट आहेत, पण त्यांना माल पोचवणाऱ्या गाड्या काही जागा रिकाम्या ठेवूनच येत आहेत.

शरीर जुळवून घेतं, पण वेळ घेऊन

शरीर हे मुकाट्यानं सोसत नाही. ते तीन टप्प्यांत उपाय करतं.

पहिला टप्पा काही मिनिटांचा. श्वास जलद होतो, हृदय भराभर धडधडतं. म्हणजे स्थानकात जास्त हवा आणायची आणि गाड्यांच्या फेऱ्या वाढवायच्या.

दुसरा टप्पा दोन-चार दिवसांचा, आणि ट्रेकसाठी सगळ्यात मोलाचा. श्वासाची गती ठरवताना मेंदू ऑक्सिजनपेक्षाही रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे जास्त लक्ष देतो. जलद श्वासामुळे हा वायू जास्त बाहेर जातो, रक्त किंचित अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं होतं आणि मेंदूला वाटतं की श्वास पुरेसा झाला. तो ब्रेक लावतो. एकीकडून ‘जोरात श्वास घे’ आणि दुसरीकडून ‘थांब’ असे दोन हुकूम एकाच वेळी सुटतात. त्याचा परिणाम झोपेत ऐकू येतो: शेजारचा माणूस चार-पाच खोल श्वास घेतो, मग काही सेकंद श्वासच थांबतो आणि पुन्हा दचकून खोल श्वास सुरू होतो. पहिल्यांदा ऐकणारा घाबरून उठून बसतो. उंचावर हे बहुतेकांना होतं.

हा ब्रेक सैल करण्याचं काम मूत्रपिंडं करतात. रक्तातला जादा अल्क ती लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून उंचावर लघवीला जास्त होतं. मध्यरात्री कुडकुडत तंबूबाहेर जावं लागणं त्रासाचं खरं, पण शरीर जुळवून घेत असल्याची ती चांगली खूण आहे. हे काम पुरं व्हायला काही दिवस लागतात आणि घाई करून ते लवकर उरकत नाही.

तिसरा टप्पा आठवड्यांचा: नव्या तांबड्या पेशी, म्हणजे जादा गाड्या. त्यासाठी लागणारं संप्रेरक काही तासांतच वाढतं, पण पेशी तयार होऊन कामाला लागायला बरेच दिवस जातात. आठ-दहा दिवसांच्या ट्रेकमध्ये आपल्याला तारतो तो मुख्यतः दुसरा टप्पा. एव्हरेस्टवर जाणाऱ्यांना मात्र तिसराही लागतो. महाराष्ट्राचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले आणि २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे ८ गिर्यारोहक. अशा मोहिमांत शिखराकडे अखेरची चाल करण्याआधी गिर्यारोहक वरच्या छावण्यांपर्यंत चढतात, पुन्हा खाली उतरतात, आणि असं आठवडेच्या आठवडे करतात.

जुळवून घेणं हुकतं तेव्हा

शरीराला वेळ न देता चढलं तर साधारण २५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. ट्रेकर त्याला ‘एएमएस’ म्हणतात; आपण उंचीचा त्रास म्हणू. नव्या उंचीवर पोचल्यावर ६ ते १२ तासांत डोकं दुखू लागतं. सोबत मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं, अन्नावरची वासना जाणं. यातलं काही झालं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

दुर्लक्ष करून वर गेलं तर दोन जीवघेणे प्रकार होऊ शकतात. पहिला, फुप्फुसात पाणी होणं. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, ही शरीराची जुनी रीत आहे. सपाटीवर ती उपयोगी पडते, कारण रक्त फुप्फुसाच्या चांगल्या भागाकडे वळतं. उंचावर सगळंच फुप्फुस ऑक्सिजनला तोटकं असतं. ठिबकच्या बऱ्याचशा नळ्या मुडपल्या आणि मोटार तशीच चालू राहिली, तर काय होतं? उरलेल्या नळ्यांवर दाब चढतो आणि सांध्यांतून पाणी फुटतं. इथे तसंच होतं. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, छातीत घरघर, फेसाळ थुंकी ही त्याची लक्षणं. दुसरा प्रकार मेंदूला सूज येण्याचा. माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो, त्याला झापड येते. तपासणी सोपी आहे: एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगायचं. झोक जात असेल तर क्षणभरही थांबायचं नाही.

दोन्हींवरचा खरा इलाज एकच: खाली उतरणं, तेही लगेच, रात्र असली तरी आणि कधीही एकट्यानं नाही. ऑक्सिजनची नळकांडी आणि औषधं उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात.

भारत हा धडा सैनिकांच्या अनुभवातून शिकला. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान फार वेगानं हिमालयात न्यावे लागले आणि शत्रूच्या गोळीशिवायही अनेकजण आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या नोंदी अभ्यासून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरच्या जगातल्या पायाभूत अभ्यासांत तो मोजला जातो. आज भारतीय सेना जवानांना ठरलेल्या पायऱ्यांनी वर नेते: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, त्यापुढे १५ हजार फुटांपर्यंत ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस. कसलेल्या सैनिकालाही सेना यातून सूट देत नाही, हे व्यायामशाळेत जाणाऱ्या प्रत्येक तरुणानं लक्षात ठेवावं. उलट धडधाकट माणसाला धोका थोडा जास्तच असतो, कारण तो भरभर चढू शकतो.

मुक्कामाचं गणित

आषाढी वारीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडवरून जाते. पालखीचा मुक्काम कुठे, विसावा कुठे, जेवण कुठे, हे आधीच ठरलेलं असतं. पायाला जोर आहे म्हणून कोणी दिंडी सोडून पुढे पळत नाही. म्हाताऱ्या माउलीला झेपेल अशा चालीनं सगळे चालतात आणि म्हणूनच महिनाभर चालूनही पंढरपूरला पोचतात. वाटाड्यासोबतचा चांगला ट्रेक असाच असतो: दिंडीसारखा.

सर पासचंच उदाहरण घेऊ. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उन्हाळ्यात हा ट्रेक नेते आणि त्यात मराठी मुलामुलींची संख्या मोठी असते. रिसोडहून वाशीम किंवा अकोला गाठून रेल्वेनं दिल्ली, तिथून बसनं भुंतर आणि पुढे पार्वती नदीच्या काठानं कसोल. कसोल सुमारे १६०० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईचा माथा जवळजवळ ज्या उंचीवर संपतो, तिथून हा ट्रेक सुरू होतो.

आता मुक्कामांच्या साधारण उंची पाहा. कसोल १६००, ग्रहण गाव २३५०, पद्री २८५०, मिन थाच ३४००, नगारू ३८०० मीटर. सर पास ४२०० मीटरवर, पण तिथे कोणी राहत नाही. खिंड ओलांडून त्याच दिवशी बिस्केरीला, ३३५० मीटरपर्यंत उतरायचं. आयोजकाप्रमाणे मुक्काम थोडे बदलतात.

जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलेला नियम असा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायचं खाली. झोपेत श्वास मंदावतो आणि ऑक्सिजन आणखी उतरतो, म्हणून हिशोब झोपण्याच्या जागेचा करायचा.

ट्रेकचं माहितीपत्रक हातात आलं की फोटोंआधी ही वजाबाकी करा. वर दिलेल्या मुक्कामांत पद्रीला थांबून चढाई विभागली आहे. एखाद्यानं सुट्टी वाचवण्यासाठी पद्री गाळलं आणि ग्रहणहून थेट मिन थाचला झोपायला नेलं, तर एका दिवसात हजार मीटरची उडी होते. एक दिवस वाचतो आणि त्याची किंमत शरीर मोजतं.

हे गणित ट्रेकरपुरतंच नाही. आपल्या गावातून दरवर्षी माणसं चारधामला जातात. केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर आहे आणि पायी वाट सुरू होते ते गौरीकुंड २००० मीटरच्या आसपास. ही चढण बरेचजण एका दिवसात चढतात, हेलिकॉप्टरवाले काही मिनिटांत. विमानानं लेहला उतरणारे दिल्लीहून थेट ३५०० मीटरवर येतात. त्यांनी पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी, असं सांगतात ते याचसाठी.

तंबूतली रात्र

थंडीत गोधडी ऊब देते, असं आपण म्हणतो. खरं तर ऊब आपल्या अंगाची असते. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही. स्लीपिंग बॅग हेच करते. अंगाखाली मात्र ती वजनानं चेपते, आतली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. म्हणून खाली फोमची जाड चटई हवीच. एक पातळ चटई कमी असेल तर वरून दोन पांघरुणं घेऊनही थंडी थांबत नाही.

सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात. पाऊस झिरपला असं वाटतं, पण ती आपल्याच श्वासातली वाफ असते, थंड कापडावर लागून पाणी झालेली. म्हणून थंडी असली तरी तंबूची झडप थोडी उघडी ठेवतात.

कापसाच्या मुलखातल्या माणसाला एक गोष्ट पटायला जड जाते: डोंगरात अंगालगत सुती कपडा नको. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता पळवतं. आपल्या उन्हाळ्यात हाच सुताचा गुण गारवा देतो. तिथे तोच घात करतो. अंगालगत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चालताना एक थर काढायचा, थांबताच चढवायचा.

पहाटेच्या अंधारात का निघायचं?

नगारूहून सर पासकडे पहाटे, अंधार असतानाच निघतात. रात्रीच्या थंडीत बर्फ घट्ट होतो आणि पाऊल वरच्या वर राहतं. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, दुप्पट श्रम पडतात. दुपारी दरीतून गरम हवा वर चढते, ढग दाटतात, वारा सुटतो. खिंड दुपारच्या आत ओलांडायची, हा पहाडातल्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा आहे.

रांगेच्या पुढे एक वाटाड्या असतो, मागे एक. पुढचा बुटाच्या टोकानं बर्फात पायऱ्या खोदत जातो. मागच्यांनी त्याच खाचांत पाऊल टाकायचं. मागच्याचं काम कोणालाही मागे न सोडण्याचं. पुढच्याची चाल पाहून पहिल्या दिवशी तरुण मुलं चुळबुळतात, इतकी ती मंद असते. ती चाल मोजूनमापून ठेवलेली असते. चालता चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं, तर वेग बरोबर. बोलणं तुटलं, तर कमी करा.

उन्हाचाही धोका असतो. विरळ हवा अतिनील किरणं कमी अडवते. दर १००० मीटरला ती साधारण १० टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो, म्हणून डोळ्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून मारा बसतो. गॉगल नसेल तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि तात्पुरतं दिसेनासं होतं. ढगाळ दिवशीही गॉगल काढायचा नाही.

रिसोडमध्ये राहून काय तयारी करता येईल?

उंचीची सवय इथे बसून लागत नाही. ती उंचीवरच लागते. पण पाय आणि छाती तयार करता येतात, म्हणजे त्याच कामासाठी शरीर कमी ऑक्सिजन मागतं आणि थकवा कमी येतो. दोन महिने आधीपासून रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर भरभर चाला. आठवड्यातून दोन दिवस पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन जिने चढा-उतरा. सुट्टीच्या दिवशी लोणारला जा. विवराची खोली काठापासून १३० मीटरहून अधिक आहे. पाठीवर ओझं घेऊन खाली उतरून पुन्हा चढून आलं की मांड्या आणि गुडघे कुठे कच्चे आहेत ते कळतं. बूट नवे असतील तर याच चालण्यात पायात रुळवून घ्या.

निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, हृदयाचा विकार, दमा, मधुमेह किंवा अंगात रक्त कमी असेल तर लपवू नका. उंचीसाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचं तेच अल्क बाहेर टाकण्याचं काम लवकर करून घेते. पण ती सगळ्यांना चालत नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष जपावं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

चौकट: थोडक्यात

• उंचावर ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच राहतं. हवेचा दाब घटतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो.

• शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. ताकद आणि तारुण्य हा वेळ कमी करत नाहीत.

• ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरहून जास्त चढवू नका. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा.

• उंचावर डोकं दुखलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा. त्रास असताना वर जाऊ नका. त्रास वाढला तर लगेच खाली उतरा.

• पाणी थोडं थोडं पीत राहा, भूक नसली तरी खा, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

शेवटी एक विनंती

उंचीच्या त्रासात पुष्कळदा जीव जातो तो संकोचामुळे. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल’, ‘मित्र हसतील’ म्हणून मुलं डोकेदुखी लपवतात, गुपचूप वेदनाशामक गोळी घेतात आणि वर चढत राहतात. गोळीनं दुखणं झाकलं जातं, आजार आत वाढत राहतो. म्हणून ट्रेकला निघणाऱ्या प्रत्येकाला आणि केदारनाथला निघालेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एवढं सांगा: डोकं दुखलं, मळमळलं, तर त्याच क्षणी सोबतच्या माणसाला सांगायचं. आणि सोबतच्यानं ते सांगणाऱ्याला हसायचं नाही. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो. परत येऊन पुन्हा जाता येतं, फक्त आधी सुखरूप परत यायला हवं.